एक बादली, सात गाड्या

काय दोस्तांनो, तुमच्या बिल्डिंगमध्ये सकाळी गाड्या कोण धुतं, कधी पाहिलंय का? नसेलच! ती माणसं काम उरकून जातात, तेव्हा आपण पांघरुणात घोरत असतो.

आमच्याकडे एक मामा पहाटे पाचला येतात आणि सात गाड्या पुसतात. मागच्या महिन्यात तळमजल्यावरचे काका त्यांच्यावर जाम भडकले. त्यांच्या नव्या काळ्या गाडीच्या बॉनेटवर उन्हात कोळिष्टकासारखे बारीक ओरखडे दिसत होते. "पैसे पूर्ण आणि काम असलं? एक तारखेपासून येऊ नका!" मामा काहीच बोलले नाहीत. बादली उचलून निघून गेले.

मला राहवेना. दुसऱ्या दिवशी गजर लावून खाली उतरलो. पाहतो तर काय, पार्किंगच्या नळाला कुलूप! पाणी वाचवायचं म्हणून सोसायटीनेच लावलेलं. वॉचमन मामांना मोजून एक बादली देतो. पहिली गाडी छान निघाली. चौथ्या गाडीपर्यंत पाणी चहाच्या रंगाचं झालं. काकांची गाडी रांगेत शेवटची! तोवर फडक्यात सहा गाड्यांची धूळ बसलेली.

आता गंमत ऐका. गाडीच्या रंगावर एक पारदर्शक थर असतो, साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा. म्हणजे आपल्या केसापेक्षाही पातळ. धुळीतले वाळूचे कण त्याहून खूप कठीण. मळकं फडकं घासलं की ते पॉलिश पेपरसारखंच काम करतं.

मग गाडी धुवायची कशी? आधी मगाने पाणी टाकून धूळ भिजवून सोडवायची. टपापासून सुरुवात करून खाली यायचं, कारण चिखल खालीच जास्त असतो. चाकांचं फडकं वेगळं. फडकं पिळायला दुसरी बादली. आणि गाडी उन्हात धुवायची नाही. पाणी भर्रकन वाळतं आणि क्षारांचे पांढरे डाग राहतात.

"पण एवढं पाणी आणायचं कुठून?" तुम्ही विचाराल. बरोबर आहे. मार्च 2024 मध्ये बंगळूरला पाण्याची इतकी टंचाई झाली, की पिण्याच्या पाण्याने गाडी धुतल्यास 5000 रुपये दंड जाहीर झाला होता. पाइप लावून दहा मिनिटं गाडी धुतली तर शंभरेक लिटर पाणी सहज जातं.

मी काकांना सगळं सांगितलं. ते गप्प बसले. रविवारच्या मीटिंगमध्ये मात्र त्यांनीच विषय काढला. असं ठरलं, की आज चार गाड्या, उद्या तीन. बादल्या रोज चार आणि मामांचे पैसे तेवढेच. काकांनी माफी वगैरे काही मागितली नाही. पण सोमवारी पहाटे घरातली जुनी बादली आणि दोन मऊ फडकी घेऊन ते स्वतः खाली आले. "एक तारखेचं विसरा हो," एवढंच म्हणाले. मामा हसले.

दोस्तांनो, काम वाईट झालं की आपण आधी माणसाला बोलतो. त्याच्या बादलीत डोकावतो का?

या रविवारी घरातली गाडी, स्कूटर, नाहीतर आपली सायकल एका बादलीत धुऊन बघा. शेवटी पाण्याचा रंग कोणता झाला, ते मला पत्राने जरूर कळवा. भेटू पुढच्या आठवड्यात!