सापळ्यातील माश्या मोजणार कोण?

मानकुरादला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि गोव्याच्या या आंब्याला दूरची बाजारपेठ खुली होईल, ही अपेक्षा बळावली. मात्र मानांकन फळाचे कूळ सांगते. फळ किडीपासून मुक्त असल्याची हमी देत नाही. 1 मे 2014 पासून युरोपीय संघाने भारतीय आंब्यासह चार भाज्यांची आयात रोखली, ती मालात फळमाशी व अन्य किडी सापडल्यामुळेच. आंब्यावरील बंदी 2015 च्या आरंभी उठली. तोवर निर्यातीचा हंगाम हातचा गेला होता.

फळमाशीची मादी पिकू लागलेल्या फळाच्या सालीखाली अंडी घालते. अळी गरात वाढते आणि मातीत जाऊन कोषात शिरते. त्यामुळे फवारणी तिच्यापर्यंत सहसा पोहोचत नाही. सापळ्याचे महत्त्व इथे आहे. बिहारमधील पुसा येथे कीटकशास्त्रज्ञ हॉवलेट यांनी 1912 मध्ये सिट्रोनेला तेलाकडे नर माश्या झेपावतात, हे नोंदवले. पुढे त्यांनी त्यामागचे द्रव्य मिथाईल युजेनॉल असल्याचे दाखवून दिले. आपल्या अंगणातील तुळशीतही ते असते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा याच तत्त्वावर बेतलेला आहे.

परंतु या आमिषाला भुलतात ते केवळ नर. वाचलेला एक नर अनेक माद्यांना पुरतो. शिवाय काकडी, कारले, दोडका यांवरील माशीसाठी क्यू-ल्यूर हे वेगळे आमिष लागते. म्हणून एकाच बागेत टांगलेला सापळा बचाव म्हणून अपुरा ठरतो; त्याचे खरे मोल इशारा देण्यात आहे. हा इशारा विश्वासार्ह हवा, तर सर्व सापळ्यांची रचना, आमिषाची मात्रा, उंची आणि मोजणीचा दिवस समान हवा. सापळे भिन्न असतील, तर एका गावातील आकडा दुसऱ्या गावाशी ताडून पाहता येत नाही.

जपानने नैऋत्येकडील बेटांवरून 1986 पर्यंत या माशीचे उच्चाटन केले, ते संपूर्ण बेटांवर एकाच वेळी आमिष टाकून. याउलट, 2003 मध्ये केनियात आढळलेली ही आशियाई माशी पाहता पाहता आफ्रिकेच्या मोठ्या भूभागात पसरली.

गोव्यात बागा लहान, आणि घराघराच्या आवारात आंब्याची झाडे. कित्येक झाडांचे मालक परगावी असतात. त्यांच्याखाली कुजणारी फळे शेजाऱ्याच्या बागेत माश्या धाडत राहतात. तेव्हा सापळे वाटण्याइतकेच त्यांची नोंद ठेवणे गरजेचे आहे. विभागीय कृषी कार्यालयांनी दर आठवड्याला गावनिहाय आकडे जाहीर करावेत, जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने त्यांचा अर्थ लावावा आणि पंचायतींनी गळलेली फळे गोळा करून खोल पुरण्याची जबाबदारी घ्यावी. माशी बागेचे कुंपण पाहत नाही. उपायही कुंपणापाशी थांबून चालणार नाही.