चावी फिरवली की नकाशा चालू, घरचा फोन बंद

भारतात जायचं तिकीट काढलं की इकडच्या प्रत्येकाकडे फर्माइशींची यादी येते. पूर्वी त्या यादीत चॉकलेटं, अत्तरं, फार तर एखादा स्विस चाकू असायचा. गेल्या काही वर्षांत आम्हा स्टुटगार्टकरांच्या यादीत एक नवीन वस्तू शिरली आहे. "मामा, हेल्मेटात बसवायचं ब्लूटूथ आणा ना. आणि हँडलला लावायचा जीपीएसचा स्टँडपण." भाचा पुण्यात असो की कोल्हापुरात, त्याच्याकडे बुलेट असो की साधी दीडशे सीसीची गाडी, मागणी हीच. वस्तू बॅगेत मावते, वजन किरकोळ, भाचा खूश होतो, म्हणून आपणही हौसेने नेतो. ती बसवायची कशी आणि वापरायची कशी, हे मात्र सोबत नेत नाही. त्याबद्दल माझं एक ठाम मत आहे. पोटापाण्यासाठी मी गाड्यांच्या वायरिंगचंच काम करतो आणि मार्च ते ऑक्टोबर ऑफिसला मोटारसायकलवरूनच जातो, तेव्हा थोडा अधिकार आहे असं समजा.

जगातली पहिली पेट्रोलवर चालणारी दुचाकी याच गावात जन्मली. १८८५ साली गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी बाड कान्स्टाटमधल्या बागेतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये ती तयार केली. लाकडी सांगाडा, २६४ सीसीचं इंजिन, अर्धा हॉर्सपॉवर आणि ताशी जेमतेम १२ किलोमीटर वेग. ते वर्कशॉप आज स्मारक म्हणून जपलेलं आहे. कुणी पाहुणे आले तर जरूर दाखवा. त्या गाडीवर एकही वायर नव्हती, ठिणगीसुद्धा विजेची नव्हती. तापलेल्या नळीने पेट्रोल पेट घ्यायचं. पुढच्याच वर्षी, म्हणजे १८८६ मध्ये, रॉबर्ट बॉश यांनी याच शहरात आपलं छोटं वर्कशॉप उघडलं आणि हळूहळू गाडीत वीज शिरली. नाशिकच्या मायको सर्कलला ज्या कंपनीचं नाव आहे ती मायको म्हणजे याच बॉशची भारतातली कंपनी. त्यामुळे पुढे जे सांगणार आहे ते आपल्याला अगदीच परकं नाही.

जर्मनीत गाडीतल्या वायरींना ठरलेले नंबर असतात. ३० म्हणजे बॅटरीवरून थेट येणारा, कायम जिवंत करंट. १५ म्हणजे चावी फिरवल्यावरच येणारा करंट. ३१ म्हणजे अर्थ. इथला कुठलाही मेकॅनिक "पंधरावर जोडलंय का?" असंच विचारतो. आपल्याकडे नाना पेठेत हॉर्नसाठी रिले घेतलात तरी त्याच्या पायांवर ३०, ८५, ८६, ८७ हेच आकडे दिसतील.

भारतात गाडीला चार्जर बसवताना बहुतेक वेळा एकच वाक्य ऐकू येतं, "डायरेक्ट बॅटरीवर टाकतो साहेब, टेन्शन नाही." टेन्शन असतं. स्वस्तातला यूएसबी चार्जर फोन लावलेला नसतानाही थोडा करंट खात राहतो. तो १५ मिलीअँपिअर धरला तरी महिन्याभरात जवळपास ११ अँपिअर-तास होतात आणि लहान-मध्यम गाडीची सगळी बॅटरीच ८ ते १२ अँपिअर-तासांची असते. इथे हिवाळ्यात गाडी चार महिने झाकून ठेवतात, तिकडे मालक परगावी गेला की महिना-महिना उभी असते. परत येऊन बटण दाबावं तर गाडी ढिम्म. म्हणून चार्जर किंवा जीपीएस चावीच्या करंटवरच हवा. चावी बंद झाली की तोही बंद झाला पाहिजे.

दुसरी गोष्ट फ्यूजची. फ्यूज फोनच्या रक्षणासाठी असतो असा सगळ्यांचा समज आहे. तो खरं तर वायरसाठी असतो. टाकीखालून जाणारी वायर इंजिनाच्या उष्णतेने, घासून सोलली आणि सांगाड्याला टेकली, तर बॅटरी आपला सगळा जोर त्या बारीक वायरमधून काढते. वर पेट्रोलची टाकी आहे हे लक्षात घ्या. फोनच्या चार्जरला १२ व्होल्टवर साधारण एक अँपिअर लागतो, म्हणून २ किंवा ३ अँपिअरचा फ्यूज पुरे. तो जिथून करंट घेतला तिथून वीतभर अंतराच्या आत असावा. लांब हँडलपाशी बसवलेल्या फ्यूजचा मधल्या वायरला काही उपयोग नाही.

तिसरी गोष्ट जोडाची. चालू वायरवर चिमटा दाबून करंट घ्यायची एक प्लॅस्टिकची क्लिप मिळते. तिला जर्मनमध्ये जे नाव आहे त्याचा अर्थ होतो 'वीजचोर'. आपल्याकडे खांबावर आकडा टाकतात, तसलाच प्रकार. मूळ वायरच्या तारा ती थोड्या कापते, पुढे पावसाचं पाणी शिरतं, गंज चढतो आणि एक दिवस हेडलाइट लुकलुकायला लागतो. नुसता डाग देऊनही भागत नाही. कथील तारेत वरपर्यंत चढतं, तिथे वायर ताठ होते आणि गाडीच्या थरथरीने नेमकी त्याच जागी तुटते. नीट दाबून बसवलेला लग आणि वरून स्लीव्ह, हा सगळ्यात टिकाऊ जोड. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत जादा उपकरणांसाठी कंपनीचाच एक कनेक्टर दिलेला असतो, तो आधी शोधा. या गाड्यांमध्ये वायरींवरून संगणकाचे निरोपही जातात. ती निरोपांची पद्धतही १९८६ मध्ये बॉशनेच जगापुढे आणली. तिथे वायर कापणं म्हणजे चालू संभाषणात नाक खुपसणं, आणि वॉरंटी जाते ते वेगळंच.

स्टँडबद्दल थोडक्यात. आरशाच्या दांड्यावर नको, हँडलच्या मध्यावर हवा. मीटर आणि इंडिकेटरचे दिवे झाकले जाता कामा नयेत. वायरला हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून पुरेल इतकी ढील द्या. ती क्लच आणि अॅक्सिलरेटरच्या केबलमध्ये अडकत नाही ना, ते बघा. महागडा फोन लावणार असाल तर थरथर शोषणारा तुकडा मध्ये घाला. मोठ्या इंजिनांच्या कंपनांनी आयफोनचा कॅमेरा खराब होऊ शकतो, असं खुद्द अॅपलनेच २०२१ मध्ये जाहीर केलं आहे.

आता हेल्मेट. एक तर हेल्मेट इथून नेऊ नका. भारतात आयएसआय शिक्क्याचंच हेल्मेट चालतं, तेव्हा तिकडे चांगलं हेल्मेट घ्यायला पैसे द्या आणि इथून फक्त ब्लूटूथचा संच न्या. त्याचे स्पीकर कानाच्या खाचेत, कानाच्या अगदी समोर बसायला हवेत. जागा होत नाही म्हणून आतलं थर्माकोल कोरायचं नाही. डोकं आपटल्यावर धक्का शोषायचं काम तेच करतं. आवाज मोठा करून भागत नाही. ताशी शंभरच्या वेगात हेल्मेटच्या आत वाऱ्याचाच आवाज ९० डेसिबलच्या वर जातो. इथे कारखान्यात ८५ डेसिबलला कानांचं संरक्षण सक्तीचं होतं. त्यावर गाणी ऐकायची म्हणजे कानाला दुहेरी मार.

इथवरचं सगळं कुणीही चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन सांगेल. खरं बोलायचं आहे ते पुढचं, आणि ते आपल्या घरांबद्दल आहे.

हेल्मेटातला नकाशा ही फार चांगली सोय आहे. स्टुटगार्ट डोंगरांच्या कढईत वसलेलं आहे. वर-खाली रस्ते, बोगदे, स्टेशनभोवती वर्षानुवर्षं चाललेलं खोदकाम, आज असलेला रस्ता उद्या वळवलेला. अशा गावात "दोनशे मीटरवर उजवीकडे" असं कुणी कानात सांगितलं तर नजर रस्त्यावरून हलत नाही. ताशी पन्नासच्या वेगात गाडी सेकंदाला १४ मीटर पुढे जाते. स्क्रीनकडे दोन सेकंद बघितलं तर २८ मीटर डोळे मिटून गेल्यासारखंच. म्हणून कानातला नकाशा मला हवाच.

पण त्याच कानात फोनही वाजतो. आणि तो कधी वाजतो? भारतात रात्रीची जेवणं आटोपली, मालिका संपली, नऊ वाजले की आईला, बहिणीला आपली आठवण येते. उन्हाळ्यात तेव्हा इथे साडेपाच वाजलेले असतात. म्हणजे नेमका ऑफिस सुटून आपण गर्दीत गाडी चालवत असतो ती वेळ. फोन आपोआप उचलला जाईल अशी सेटिंग असते आणि हेल्मेटात आवाज येतो, "अरे, बाबांचं शुगर परत वाढलंय." त्यानंतर समोरचा सिग्नल डोळ्यांना दिसतो, पण मन साताऱ्यात असतं.

काही जण म्हणतील, हातात फोन नाही, मग हरकत काय? कायदाही त्यांच्या बाजूने आहे. जर्मनीत गाडी चालवताना फोन हातात धरला तर १०० युरो दंड आणि खात्यावर एक पॉइंट, पण हात न लावता बोललं तर गुन्हा नाही. भारतातही २०२० पासूनच्या नियमानुसार फोनचा उपयोग फक्त रस्ता बघण्यासाठी आणि चालकाचं लक्ष विचलित होणार नाही असाच करता येतो. कायद्यात बसतं तेवढं सुरक्षित, असं मात्र नाही. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २००६ मध्ये चालकांना सिम्युलेटरवर बसवून तपासलं. फोनवर बोलणाऱ्यांचं चालवणं कायद्याच्या मर्यादेइतकी दारू प्यायलेल्यांइतकंच बिघडू शकतं आणि फोन हातात असो वा कानात, त्याने फरक पडत नाही, असं त्यांना आढळलं. ते तर चारचाकीचं होतं. आपण दोन चाकांवर तोल सांभाळत असतो.

दुसरा मुद्दा असा येतो की मागे बसलेली बायको बोलतेच की, ग्रुपने जाताना मित्रही इंटरकॉमवर बोलतात. बरोबर आहे, पण त्यांना तोच रस्ता दिसत असतो. समोर ट्रक वळला की ते आपोआप गप्प होतात. साताऱ्यातल्या आईला तो ट्रक दिसत नाही. ती विचारत राहते आणि आपण उत्तर देत राहतो, कारण आईला "थांब" म्हणणं आपल्याला जमत नाही.

आणि इथेच परदेशी राहणाऱ्यांची खरी अडचण आहे. आपण लांब असल्याची टोचणी मनात असते. निदान फोन तरी लगेच उचलावा, असं वाटतं. तिकडेही उचलला नाही की काळजी सुरू होते, मग पाठोपाठ तीन फोन. दोन्हीकडे प्रेमच आहे, पण ते चुकीच्या वेळी कानात शिरतं. तिकडचा भाचाही आपलीच री ओढतो. हेल्मेट आणि कान यांच्या फटीत फोन खुपसून बोलत जाणारी मुलं आपण पुण्या-मुंबईत पाहतो आणि नावं ठेवतो. आपण नेलेल्या महागड्या संचावर तो तेच करणार असेल, तर फरक फक्त किमतीचा.

म्हणून माझं म्हणणं असं. गाडीची चावी फिरवली की नकाशा चालू व्हावा आणि फोन बंद. बहुतेक फोनमध्ये गाडी चालवतानाची वेगळी सेटिंग असते. तीत फोन आपोआप अडवला जातो आणि समोरच्याला निरोप जातो, "गाडीवर आहे, पोचलो की करतो." खरंच तातडीचं असेल आणि लगेच दुसऱ्यांदा फोन आला तर तेवढा आत सोडायची सोयही बऱ्याच फोनमध्ये असते. असा फोन आला तर गाडी बाजूला घ्या, उतरा आणि मग बोला. आणखी एक, इथे नकाशातली स्पीड कॅमेऱ्याची पूर्वसूचना बंद ठेवा. चालकाने ती वापरणं जर्मनीत बेकायदा आहे, ७५ युरो आणि एक पॉइंट.

आमच्या घरी हे आता ठरून गेलं आहे. आईला मी सांगितलं आहे की साडेनवाच्या आधी फोन करायचा नाही आणि केला तर मी उचलणार नाही. पहिले काही दिवस ती रुसली. आता तीच शेजारच्या काकूंना सांगते, "तो गाडीवर असेल, नंतर करेल." भाच्याला संच दिला तो या अटीवर की वायरिंग फ्यूज लावून, चावीच्या करंटवर होईल आणि फोनची ती सेटिंग मी स्वतः त्याच्या समोर बसून करीन. तो म्हणाला, "मामा, किती अटी!" मी म्हटलं, भेट माझी आहे, अटीही माझ्याच.

तिकडच्या मंडळींना एवढीच विनंती, आपल्या माणसाने फोन उचलला नाही तर तो गाडी नीट चालवतोय असं समजा. आणि इकडच्यांनी पुढच्या सुट्टीत फर्माइशीची वस्तू नेताना सोबत दहा रुपयांचा फ्यूज आणि अर्धा तास वेळही न्यावा. तुमच्या घरी याबद्दल काय ठरलं आहे, जरूर कळवा.