मुठीतलं दान

मिझोरममधली गृहिणी भात रांधण्याआधी मूठभर तांदूळ बाजूला काढून ठेवते. ती मूठ चर्चची. घरोघरचे तांदूळ गोळा करून विकतात आणि त्या पैशातून धर्मकार्य चालतं. ‘बुहफाइ थाम’ची ही रीत १९१०पासून चालत आली आहे आणि ती पेलली बायकांनी. त्यांच्या हाती पैसा नव्हता, चूल मात्र होती. मला हे दान फार मोठं वाटतं.

लॉरेन आणि सॅव्हिज हे मिशनरी १८९४मध्ये या डोंगरांत पोहोचले. मिझो भाषेसाठी त्यांनी रोमन लिपी बसवली. २०११च्या जनगणनेत राज्यातले ८७ टक्के लोक ख्रिस्ती होते. पण ही श्रद्धा उसनी राहिली नाही. सुरुवातीला चर्चबाहेर ठेवलेला ‘खुआंग’ ढोल पुढे उपासनेत आला. गावात कुणी गेलं की तरुण मंडळी कबर खणतात आणि शेजारीपाजारी त्या घरी जमून गात बसतात.

ईशान्येची बातमी आपल्याकडे बहुधा दंगल झाली किंवा दरड कोसळली तरच येते. म्हणून या अंकातला मिझोरमवरचा लेख आधी वाचा, आणि आपल्या शहरात शिकायला आलेल्या मिझो मुलामुलींशी आवर्जून बोला.