तिसऱ्याचं नाव काय?

महिन्याचा पहिला शुक्रवार. पगार नुकताच झालेला, उद्या सुट्टी, आणि रात्री प्रो कबड्डीची फायनल. एवढं सगळं एकाच दिवशी जुळून आल्यावर घरी कोण बसणार?

तारीख होती १ मार्च २०२४. हैदराबादला पुणेरी पलटण विरुद्ध हरियाणा स्टीलर्स. मॅच बघायला आम्ही तिघं कॉलेजचे दोस्त चौफुल्याला भेटलो. (चौफुला म्हटल्यावर ज्यांना लगेच ढोलकी ऐकू आली त्यांना सांगते, आम्ही ढाब्यावर गेलो होतो.) जागा निवडण्यामागे साधा हिशेब होता. एक मित्र शिरूरचा, रांजणगाव एमआयडीसीत क्वालिटी डिपार्टमेंटला. तो न्हावऱ्याकडून येणार. दुसरा दौंडचा, रोज ट्रेननं पुण्याला अप-डाऊन करणारा. तो पाटस-वरवंडमार्गे. आणि मी पुण्याहून सोलापूर हायवेनं यवत ओलांडून. खासगीपणाचा मान राखून दोघांना शिरूरकर आणि दौंडकरच म्हणते.

शिरूरकरानं येताना लॅपटॉप आणला होता. फायनलच्या रात्री, ढाब्यावर, लॅपटॉप! क्वालिटीवाल्यांना एक्सेलशिवाय जेवण जात नाही बहुतेक. शीटमध्ये दोन्ही टीम्स समोरासमोर मांडलेल्या, प्रत्येक जागेला दहापैकी मार्क. कॅप्टन : अस्लम इनामदार विरुद्ध जयदीप दहिया. मुख्य रेडर : अस्लम आणि मोहित गोयत विरुद्ध विनय आणि सिद्धार्थ देसाई. डावा कोपरा : मोहम्मदरेझा शाडलुई, ज्याच्यासाठी पलटणनं लिलावात २ कोटी ३५ लाख मोजले होते. तिथे दहापैकी दहा. उजवा कोपरा : गौरव खत्री विरुद्ध राहुल सेठपाल. कव्हरला आपले अबिनेश नादराजन आणि संकेत सावंत, त्यांच्याकडे स्वतः जयदीप आणि मोहित नांदल. कोच बी. सी. रमेश विरुद्ध मनप्रीत सिंग. खाली टोटल. पुणे ६१, हरियाणा ५४. जेवणाआधीच निकाल लागला म्हणायचा.

दौंडकर शीट बघत होता. बघता बघता त्यानं स्क्रीनवर बोट ठेवलं.

"हे काय लिहिलंयस?"

रेडरच्या दोन ओळींखाली एक ओळ होती : 'इत्यादी'. पुणे ५, हरियाणा ५.

"अरे, तिसरा रेडर वगैरे. त्यानं काय फरक पडतो?"

दौंडकराचा चेहरा पडला. आधी वाटलं गंमत करतोय. मग तो म्हणाला, "भावा, मी सात वर्षं त्या इत्यादीत खेळलोय."

हे आम्हाला माहीतच नव्हतं असं नाही. त्याचा गुडघा गेलाय, पावसाळ्यात दुखतो, आधी कबड्डी खेळायचा, एवढं ठाऊक होतं. पण कुठल्या जागी खेळायचा हे दोघांपैकी एकानंही कधी विचारलं नव्हतं. दहा वर्षांची दोस्ती! गावोगावच्या यात्रेत, ग्रामपंचायतीसमोरच्या मैदानात तो तिसरा चढाईपटू असायचा. माइकवरचा माणूस पहिल्या दोघांची नावं घसा ताणून घ्यायचा, वर बक्षिसं जाहीर करायचा. याची पाळी आली की म्हणायचा, "आणि आता खेळाडू चढाईला निघालेला आहे..." नुसताच खेळाडू. नाव नाही.

आता ज्यांना कबड्डी फक्त शाळेतल्या पीटीपुरती आठवते त्यांच्यासाठी हा तिसऱ्याचा फंडा सांगायलाच हवा, कारण शिरूरकरालासुद्धा तो त्या रात्री पनीर टिक्का येईपर्यंत समजावून घ्यावा लागला.

एक चढाई तीस सेकंदांची. रेडरनं जाऊन कुणाला शिवलं नाही, बोनस घेतला नाही, आणि सुखरूप परत आला, तर ती चढाई रिकामी. अशा सलग दोन रिकाम्या गेल्या की तिसरी 'डू ऑर डाय'. हिच्यात गुण आणला नाही तर रेडर बाद. समोरच्यांना हे पक्कं माहीत असतं. याला आत यावंच लागणार, म्हणून ते साखळी लावून आरामात वाट बघतात. आता तुम्ही कोच असाल तर अशा चढाईला कुणाला पाठवाल? कॅप्टनला? तो बाद झाला तर बाहेर बसणार, आणि तुमची टीम पुढचा गुण मिळवेपर्यंत परत येणार नाही. म्हणजे बिनीच्या शिलेदाराशिवाय खेळा! म्हणून बऱ्याच टीम्स तिथे तिसऱ्याला धाडतात. सगळ्यात अवघड तीस सेकंद त्याची. पहिले दोघं वाट बघू शकतात, हुलकावणी देऊन परत येऊ शकतात, टाइमपास करू शकतात. त्याला ती चैन नाही. वर पहिले दोघं पकडले गेले की मॅट सांभाळायलाही तोच.

"आणि गुण आणला तर टाळ्या कुणाला?" मी विचारलं.

"कॅप्टनला," दौंडकर म्हणाला. "स्ट्रॅटेजी चांगली होती म्हणून."

हे ऐकून तुमच्यापैकी काहींना आपलं ऑफिस आठवलं असेल. माझा इलाज नाही.

मॅच सुरू झाली. पुढचं आता रेकॉर्डमध्येच आहे. हरियाणाच्या बचावफळीनं अस्लम-मोहितला मोकळं रान दिलं नाही. गाडी अडली. आणि मग हाफटाइमच्या जरा आधी पंकज मोहितेनं एका चढाईत चार जण टिपले. चार! ढाब्यावरच्या वेटरनं ट्रे खाली ठेवला. पलटण २८-२५ नं जिंकली, पुण्याचं पहिलं विजेतेपद, आणि फायनलमध्ये सगळ्यात जास्त गुण पंकजचे : नऊ. मोहितचे पाच. तो सीझनभर सगळ्यात जास्त पकडी करणारा शाडलुई किंवा त्या सीझनचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला अस्लम नव्हे, तर शिरूरकराच्या शीटमधला 'इत्यादी : ५'.

शिरूरकरानं बिल भरलं. पैज होतीच तशी. पण दौंडकर जिंकल्यासारखा वागला नाही, हे मला आवडलं. तो म्हणाला, "पंकजला 'इत्यादी' म्हणणारा तू पहिला नाहीस रे. आधीची फायनल आठव."

ती फायनल १७ डिसेंबर २०२२ ची. मुंबईत, वरळीच्या एनएससीआय डोममध्ये. पलटणचे अस्लम आणि मोहित दोघंही दुखापतीनं बाहेर. सेमीफायनलला तमिळ थलायवाजविरुद्ध पंकजनं एकट्यानं सोळा गुण काढले आणि पुणे ३९-३७ नं निसटलं. त्यावर आम्ही सगळे खूश! पण फायनलला जयपूर पिंक पँथर्सनं ३३-२९ नं हरवलं. तेव्हा आपण 'स्टार नव्हते म्हणून हरलो' असं म्हणालो. दौंडकराचं म्हणणं वेगळं. तिसरा पहिल्या जागेवर गेला, मग तिसऱ्या जागी कोण उरलं? आकाश आणि आदित्य ही शिंदे जोडी तेव्हा कोवळी होती. त्यांनी जीव तोडून खेळ केला, पण एका रात्रीत पूर्ण खुर्च्यांची अदलाबदल झालेली टीम होती ती. दुखापत एक-दोघांना होते, पण तिचा धक्का बेंचच्या टोकापर्यंत जातो.

त्याच डोममधली आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये तिथेच एनबीएच्या दोन टीम्स येऊन खेळून गेल्या होत्या, इंडियाना पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज. सीझनपूर्व सामने होते, पण पहिला ओव्हरटाइमला जाऊन १३२-१३१ असा संपला. हेच पेसर्स जून २०२५ मध्ये एनबीए फायनल्सला पोचले, समोर ओक्लाहोमा सिटी थंडर. लीगमध्ये थंडरचे ६८ विजय, पेसर्सचे ५०. कोथरूडचा माझा एक बास्केटबॉलवेडा मित्र सकाळी सहाला उठून, दात न घासता मॅच बघायचा. त्यानंही सिरीजआधी शीट केलं होतं (ही साथ आहे बहुतेक). स्टार्टिंग फाइव्ह विरुद्ध स्टार्टिंग फाइव्ह. निकाल : थंडर, पाच मॅचमध्ये. प्रत्यक्षात? पहिली मॅच पेसर्सनं शेवटच्या क्षणी टायरीज हॅलिबर्टनच्या बास्केटनं १११-११० अशी उचलली. तिसऱ्या मॅचला बेंचवरून आलेल्या बेनेडिक्ट मॅथुरिननं २७ गुण ठोकले. तो शीटमध्ये होता का? नव्हता. सिरीज सातव्या मॅचपर्यंत गेली.

पण जिंकले थंडरच. सातवी मॅच १०३-९१, तीही हॅलिबर्टन पहिल्याच क्वार्टरमध्ये घोट्यामागची शीर तुटून बाहेर गेल्यावर. म्हणजे शीट अगदीच चुकलं असंही नाही, आणि इथेच मला बास्केटबॉलवाल्यांचा हेवा वाटतो. सात मॅचची सिरीज असली की बेंचवरचा एखादा एका रात्री पेटला तरी उरलेल्या रात्री मोठी नावं हिशेब बरोबर करतात. कबड्डीच्या फायनलला चाळीस मिनिटं. बस्स. तिथे तिसऱ्याची एकच रात्र आली, तरी ट्रॉफी त्याचीच. तेव्हा प्लेऑफआधी दोन टीम्सची तुलना करायचीच, तर मी म्हणेन, वरच्या दोन ओळींवर वेळ घालवू नका. त्या जवळपास सारख्याच निघतात. म्हणून तर दोन्ही टीम्स इथवर आल्या! तिसऱ्या ओळीत खरं नाव लिहा.

शिरूरकराला हे लगेच पटलं असं नाही. त्याच्या मते खरी किंमत मोठ्या नावाचीच. आणि पुढच्याच सीझननं त्याला मुद्दा पुरवला. शाडलुई पलटणकडून हरियाणाकडे गेला, २ कोटी ७ लाखांना, आणि २९ डिसेंबर २०२४ ला हरियाणानं पाटणा पायरेट्सला ३२-२३ नं हरवून विजेतेपद घेतलं. तेही आपल्या बालेवाडीत! "बघ," शिरूरकराचा रात्री साडेदहाला मेसेज, "माणूस गेला, ट्रॉफी गेली."

दौंडकराचं उत्तर पाच मिनिटांनी आलं. त्यात फक्त स्कोअरकार्ड. हरियाणाकडून सर्वाधिक गुण शिवम पटारेचे, नऊ. आणि पाटण्याचा देवांक दलाल, ज्यानं सीझनभरात तीनशेवर चढाईगुण कमावले होते, त्याला फायनलमध्ये दोन आकडीही गाठता आले नाहीत. बरं, शाडलुई नंतर २०२५ ला २ कोटी २३ लाखांना गुजरातकडे गेला, आणि गुजरात पहिल्या आठातसुद्धा नव्हतं.

अस्लमवरून मात्र दोघांचं भांडण कधी होत नाही. अस्लम अहिल्यानगर जिल्ह्यातला. शिरूरला घोडनदीचा पूल ओलांडला की तो जिल्हा लागतो, दौंडला भीमेचा. त्यामुळे दोघंही त्याला शेजारचा पोरगा म्हणतात.

मग आला ऑक्टोबर २०२५. लीगमध्ये पहिले दोन नंबर पुणे आणि दिल्लीचे. क्वालिफायरमध्ये दोघांची मॅच बरोबरीत सुटून टायब्रेकरला गेली, दिल्ली जिंकली. पुणे दुसऱ्या दारानं तेलुगू टायटन्सला हरवून परत त्यांच्याच समोर उभं. आठवड्याभरात त्याच दोन टीम्स दोनदा! सिरीजच्या जवळ जाणारं असं काही कबड्डीत क्वचितच मिळतं. ३१ ऑक्टोबर, पुन्हा शुक्रवार, पुन्हा चौफुला, पुन्हा लॅपटॉप.

पण शीट बदललं होतं. 'इत्यादी' गायब. तिसऱ्या रेडरला स्वतंत्र ओळ, तीही सगळ्यात वर, पिवळ्या रंगात. शिरूरकर काहीच बोलला नाही, फक्त स्क्रीन दौंडकराकडे वळवली. दौंडकर बराच वेळ बघत राहिला आणि मग म्हणाला, "फाँट मोठा कर थोडा."

मॅच बघून मात्र आम्ही तिघंही गप्प. २०२२ चा कोवळा आदित्य शिंदे आता पुण्याचा मुख्य माणूस झालेला, त्यानं दहा गुण काढले. दिल्लीकडून कॅप्टन आशू मलिकपेक्षा नीरज नरवाल भारी पडला, नऊ गुण. त्याच्या जोडीला आपल्या महाराष्ट्राचा अजिंक्य पवार, सहा. शेवटी शेवटी पुणे अगदी जवळ आलं. आदित्य चढाईला गेला आणि डाव्या कोपऱ्यातून फझल अत्राचलीनं त्याला धरला. ३१-२८, दिल्ली. हाच फझल २०२२ च्या फायनलला पुण्याचा कॅप्टन होता, आणि आदित्य तेव्हा त्याच्याच टीममध्ये होता.

या वेळी बिल तिघांनी वाटून भरलं. निघताना शिरूरकरानं पार्किंगमध्ये, बाइकच्या सीटवर लॅपटॉप ठेवून शीट परत उघडलं आणि खाली एक नवी ओळ टाइप केली : 'समोर आपला जुना कॅप्टन आहे का?'

"याला दहापैकी किती देणार?" दौंडकरानं विचारलं.