शिकण्याची वही कीं दुकानाची कांच?

विद्यार्थ्याची योग्यता तीन तासांच्या परीक्षेनें ठरवूं नये, त्यानें वर्षभर केलेलें काम जमवून त्यावरून त्याला ओळखावें, हा विचार आम्हांला मान्य आहे. चित्रकलेच्या शाळांतून तो पूर्वींपासून रूढ आहे. हल्लीं हा संग्रह संगणकावर ठेवतात व त्यास डिजिटल पोर्टफोलिओ म्हणतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेंही पोर्टफोलिओला प्रगतिपत्रकांत स्थान दिलें आहे. आमचा आक्षेप संग्रहाला नाहीं. तो मिरविण्यासाठीं ठेवण्याला आहे.

शिकण्याच्या संग्रहांत पहिला कच्चा निबंध, त्यावरील शेरे, खोडाखोड, फसलेला प्रयोग हीं सर्व हवींत. परंतु परका मनुष्य तो पाहून प्रवेश वा नोकरी देणार असेल, तर कोणता शहाणा मुलगा आपली चूक त्यांत राहूं देईल? कोणी म्हणेल, उत्तम तें निवडणें हेंही शिक्षणच. खरें, पण निवडीपूर्वीं मुबलक कच्चें काम लागतें, आणि तें चुकण्याची भीति नसेल तेथेंच होतें.

अमेरिकेंतील व्हरमाँट राज्यानें १९९१-९२ सालीं चौथी व आठवीच्या मुलांचे गणिताचे व लेखनाचे संग्रह राज्यभर तपासविले. रँड संस्थेच्या संशोधकांनीं पाहिलें, तों एकाच संग्रहाला दोन परीक्षकांनीं दिलेल्या गुणांत मेळ फारच थोडा! तथापि संग्रहामुळें आपली गणित शिकविण्याची रीत सुधारली, असें शिक्षकांनींच सांगितलें. माप म्हणून जें लंगडें ठरलें, तें साधन म्हणून उपयोगी पडलें.

इतकें दूर जाण्याचेंही कारण नाहीं. विज्ञानशाखेचें जर्नल प्रयोगांत काय घडलें तें नोंदण्यासाठीं असतें. पण तें ‘पूर्ण’ असल्याच्या दाखल्याला महत्त्व येतांच मुलें गतवर्षीच्या वहीवरून तें उतरवूं लागलीं, आणि आम्हीं प्राध्यापकांनीं जाणूनबुजून त्यावर सह्या केल्या. तेव्हां निदान हात तरी दुखत असे. आतां यंत्र क्षणांत निबंध लिहून देतें. शिवाय ज्या घरांत एकच मोबाईल, त्या घरच्या मुलाचा संग्रह सजवायचा कोणी?

म्हणून आमचें मागणें साधें आहे. कच्चा संग्रह गुरु व शिष्य यांच्यापुरताच असावा. त्यास गुण नसावेत. वर्षअखेर त्यांतून काय दाखवावें, हें विद्यार्थ्यानेंच ठरवावें. आणि तो संग्रह वाचावयास शिक्षकाला वेळ मिळावा. शंभर मुलांच्या वर्गांत तो मिळत नाहीं. हें खर्चाचें काम आहे. तें टाळून केवळ संगणक पुरविणारे शिक्षणाची सुधारणा करीत नाहींत. जर्नलवरची आमची जुनी खोटी सही तेवढी नव्या जागीं हलवितात.