जुन्या दारूगोळ्याचं काय?

विदर्भातल्या भिवापूरहून कोणत्याही दिशेला निघा, वाटेत दारूगोळा भेटतोच. भंडाऱ्याजवळ जवाहरनगर, भद्रावतीची चांदा आयुध निर्माणी, नागपूरची अंबाझरी आणि वर्धा जिल्ह्यात पुलगावचं केंद्रीय दारूगोळा भांडार. या कारखान्यांनी विदर्भातल्या अनेक घरांना पोसलं, आणि सीमेवरच्या जवानाच्या हातातला गोळा आपल्याकडे घडतो याचा आम्हाला अभिमान आहे. तरीही एक प्रश्न विचारावासा वाटतो.

2018ची दिवाळी होऊन पंधरवडा उलटला नव्हता. 20 नोव्हेंबरच्या सकाळी पुलगावजवळ जुना, निकामी दारूगोळा नष्ट करण्याचं काम चाललं होतं. 23 मिलिमीटरच्या गोळ्यांच्या पेट्या हाताळताना स्फोट झाला आणि सहा जीव गेले. त्यांतले बहुतेक आसपासच्या गावांतले, ठेकेदाराकडे रोजीवर आलेले मजूर. सातऱ्यावर, म्हणजे मिरची निवडायच्या जागी, देठ खुडणाऱ्या आपल्या बायाबापड्यांसारखेच, दिवसाच्या मजुरीवर घर चालवणारे.

दारूगोळ्यालाही वय असतं. मुदत संपली की त्यातलं रसायन बिघडतं, कधी पाझरू लागतं. 2016 साली पुलगावच्या भांडाराला लागलेल्या भीषण आगीनंतर रणगाडाविरोधी सुरुंगांतून पाझरणाऱ्या टीएनटीचीच चर्चा झाली. असा माल ठेवताही येत नाही, विकताही येत नाही. मग खड्डा खणायचा, पेट्या हातांनी आत उतरवायच्या, माती लोटायची आणि लांबून उडवून द्यायचं. धूर विरतो, पण न जळलेल्या स्फोटकांचे कण आणि धातूचे अंश मातीत उरतात. पावसाचं पाणी त्यांना कुठवर नेतं, हे विहिरीचं पाणी तपासल्याशिवाय कसं कळणार? बेल्जियम आणि फ्रान्समध्ये पहिलं महायुद्ध संपून शतक उलटलं, तरी शेतकऱ्याच्या नांगराला अजून गोळे लागतात. जर्मनीत जुना दारूगोळा बंदिस्त भट्टीत जाळून धूर गाळून सोडण्याची सोय आहे. खर्चिक आहे, पण त्यात माणसाचा हात आणि उघडी माती दोन्ही वाचतात.

संरक्षण प्रकल्पाचा हिशेब मांडताना जमीन, इमारत, यंत्रं, उत्पादन सगळं धरलं जातं. त्याच कागदावर पहिल्या दिवसापासून विल्हेवाटीचा खर्चही लिहिला पाहिजे, आणि पेटी उचलणाऱ्याचं प्रशिक्षण व विमाही.

खर्चाइतकाच प्रश्न माहितीचाही आहे. उमरेड पट्ट्यातल्या लोकांना कोळसा खाणीची जनसुनावणी माहीत आहे. 2006च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार राष्ट्रीय संरक्षणाशी निगडित प्रकल्पांना मात्र अशा जनसुनावणीतून सूट आहे. शस्त्राची रचना गुप्त राहावी, साठा किती तेही गुप्त राहावं, याबद्दल आमचा वाद नाही. पण भांडाराशेजारच्या गावाला विहिरीत काय उतरलंय हे कळायलाच हवं. पाणी-मातीच्या तपासणीचा अहवाल दरवर्षी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागला, तर त्यातून शत्रूच्या हाती काय लागणार आहे?