तोटा कोणाचा, नुकसान कोणाचे?

टपाल खाते तोट्यात आहे, रेल्वेची प्रवासी वाहतूक तोट्यात आहे, हे वाक्य आम्ही नोकरीला लागलो त्या दिवसापासून ऐकत आहोत. मंत्री बदलले, वेतन आयोग आले आणि गेले, 2013 च्या जुलैत तार बंद झाली, 2017 पासून रेल्वेचा स्वतंत्र अर्थसंकल्पही गेला. हे वाक्य मात्र काही निवृत्त होत नाही. म्हणून त्यातल्या एका शब्दाची आज थोडी झडती घ्यावी असे आम्हाला वाटते.

कार्यालयाच्या फाइलीत इंग्रजीचा एकच शब्द असतो, लॉस. मराठीत त्याच जागी निदान अर्धा डझन शब्द आहेत आणि ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत. तोटा हा दुकानदाराचा शब्द. माल घेतला शंभराला, विकला नव्वदला, दहाचा तोटा. तूट म्हणजे हिशेबातले अंतर. संध्याकाळी काउंटरवर रोकड मोजली आणि वीस रुपये कमी भरले, तर ती तूट. घट ही निसर्गाची. गोणीतले धान्य वाटेत सुकते, वजन उतरते. 1989 च्या रेल्वे कायद्यातील कलम 93 सुद्धा अशी स्वाभाविक घट वेगळी काढते आणि तिचा बोजा रेल्वेवर टाकत नाही. नुकसान होते ते वस्तूचे, पिकाचे, माणसाचे. हानी हा त्याहून जड शब्द, जीवित किंवा अब्रू गेली तर वापरायचा. आणि फाइल किंवा रजिस्टर टपाल जाते ते ‘गहाळ’ होते, ज्यात कोणाचा तरी हलगर्जीपणा किंवा हात असल्याचा वास आधीच असतो.

आमचे जे साथी सुरत-बडोद्याकडे नोकरी करतात त्यांना माहीत आहे की गुजरातीत धंद्यातल्या तोट्याला ‘खोट’ म्हणतात, आणि माणूस गेल्यावर त्याची उणीव भासते तिलाही खोटच म्हणतात. मराठीत खोट म्हणजे दोष. हुबळी आणि सिकंदराबादचे साथी ऐकतात तो शब्द ‘नष्ट’. तिकडे त्याचा अर्थ तोटा, आपल्याकडे तो पार मोडून गेलेल्या वस्तूचा. शब्द तोच, पण एका गावी हिशेब, दुसऱ्या गावी दोष, तिसऱ्या गावी सर्वनाश. आमच्या खात्यांच्या बाबतीत नेमके हेच झाले आहे, फक्त ते भाषेने केलेले नाही, सोयीने केले आहे.

शाळा चालवणाऱ्या सरकारी खात्याला तोट्यात आहे असे कोणी म्हणत नाही. तिथे ‘खर्च’ म्हणतात. महामार्ग बांधला की ‘गुंतवणूक’ होते. पण डोंगरातल्या वस्तीवर मनिऑर्डर पोचवली किंवा पॅसेंजर गाडी चार जादा स्टेशनांवर थांबवली की त्याला तोटा हे नाव मिळते. आणि तोटा म्हटला की तो ‘करणारा’ कोणीतरी लागतो. दुकानाचा तोटा झाला तर दुकानदार कच्चा. खात्याचा तोटा झाला तर? बोट आमच्याकडे वळते.

गंमत अशी की खुद्द खात्यांच्या कागदांत योग्य शब्द आहेत. रेल्वेच्या हिशेबात परवडत नसलेल्या वाहतुकीच्या या बोजाला ‘सामाजिक सेवा दायित्व’ असे नाव आहे. दायित्व म्हणजे जबाबदारी, स्वतः होऊन उचललेली. टपाल खात्याच्या निकषांत तर ग्रामीण शाखा डाकघराने साधारण भागात आपल्या खर्चाच्या एक-तृतीयांश आणि डोंगराळ, आदिवासी भागात 15 टक्के उत्पन्न मिळवावे एवढीच अपेक्षा धरलेली होती. म्हणजे उरलेली रक्कम सरकारने द्यायची, हे डाकघर उघडण्याआधीच ठरलेले. आधी ठरवून दिलेल्या पैशाला तोटा म्हणणे म्हणजे मुलाच्या शाळेच्या फीला घरफोडी म्हणण्यासारखे आहे.

पण हे शब्द फाइलीत राहतात, जनतेपुढे जात नाहीत. 2016 च्या सुमारास रेल्वे तिकिटांवर छापून येऊ लागले की प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी 57 टक्केच वसूल होतात. तिकीट काढणाऱ्या मजुराला ते वाचून वाटावे की आपण फुकटे आहोत. त्याच रेल्वेकडून सरकारने 2017 पर्यंत दशकानुदशके लाभांश घेतला, हे मात्र तिकिटावर कधी छापले गेले नाही. त्याखेरीज रेल्वे आपल्या निवृत्तांचे निवृत्तिवेतन स्वतःच्या कमाईतून देते. 2021-22 मध्ये शंभर रुपये मिळवायला 107 रुपये 39 पैसे खर्च झाले असा आकडा आला तेव्हा त्या खर्चात निवृत्तिवेतनाचा वाटाही होता. तीस-पस्तीस वर्षे रूळ सांभाळलेल्या माणसाची पेन्शन तोट्याच्या रकान्यात दिसावी, याला काय म्हणावे ते वाचकांनीच ठरवावे.

आता दुसरी बाजू. नुकसान आमचे झाले की शब्द कसे मऊ होतात ते पाहा. पगार गेला तर ‘कपात’. 1974 च्या मे महिन्यात 8 ते 27 तारखेपर्यंत रेल्वे कामगारांनी संप केला तेव्हा अनेकांच्या वर्षानुवर्षांच्या नोकरीवर ‘सेवेत खंड’ असा शिक्का बसला. खंड! जणू पाऊस थांबला होता. रुळावर काम करताना गँगमन चिरडला तर ती ‘दुर्दैवी घटना’. काकोडकर समितीने 2012 च्या अहवालात नोंदवले की ऑक्टोबर 2007 ते ऑक्टोबर 2011 या चार वर्षांत सुमारे 1600 रेल्वे कर्मचारी कामावर असताना मृत्युमुखी पडले. खात्याच्या तोट्याची चर्चा दरवर्षी होते. या हानीची किती झाली?

आणि तिसरी गोष्ट, जी रोज अंगावर येते. टपाल खात्याचे सरकारी कर्मचारी 1965 च्या शिस्त नियमांतील नियम 11 खाली येतात, रेल्वेचे कर्मचारी 1968 च्या शिस्त व अपील नियमांतील नियम 6 खाली. दोन्हींत निष्काळजीपणामुळे सरकारला झालेले आर्थिक नुकसान पगारातून वसूल करण्याची शिक्षा आहे, आणि ती ‘किरकोळ’ शिक्षांच्या यादीत आहे. लाखाची वसुली किरकोळ! बचत खात्यात कोणी अफरातफर केली, मुख्य गुन्हेगार फरार झाला किंवा त्याच्याकडून काही मिळण्यासारखे नसले, की दुय्यम दोषी शोधले जातात. कोणी एक सही तपासली नाही, कोणी एक रकाना कोरा सोडला. चोरी एकाची, आणि हप्ते दुसऱ्याच्या पगारातून.

कारण इथे सोयीने ‘चूक’ आणि ‘नुकसान’ हे दोन शब्द एक केले जातात. नियम मोडला म्हणजे नुकसान केले असे होत नाही. चूक असेल तर तिची शिक्षा वेगळी. वसुलीसाठी त्या चुकीमुळेच तेवढी रक्कम गेली हे दाखवावे लागते. हे आमचे म्हणणे नव्हे, टपाल व तार नियमपुस्तिकेच्या तिसऱ्या खंडातील नियम 106 मध्ये ते स्पष्ट आहे. तरी चार्जशीटमध्ये बहुधा एक गोल वाक्य असते, ‘ज्यामुळे सरकारचे नुकसान झाले.’ कशामुळे, किती, आणि दुसऱ्याने आधीच काही भरले असल्यास उरले किती, याचा पत्ता नसतो.

तेव्हा बंधू-भगिनींनो, असा कागद हाती पडला तर दहा दिवसांची मुदत आहे म्हणून घाबरून माफीनामा लिहू नका. शाखा सचिवाकडे या. उत्तराआधी कागदपत्रे पाहण्याची मागणी लेखी करा. मूळ रक्कम किती, मुख्य आरोपीकडून वसूल किती झाली, आमच्या कोणत्या कृतीने कोणता रुपया गेला, हे तीन प्रश्न अर्जात स्वतंत्रपणे लिहा आणि पोच घेऊन प्रत स्वतःजवळ ठेवा.